'हिस्पॅनिक', 'लॅटिनो' आणि 'मतपेढी'

प्रश्न : अमेरिकेतील राज्यांच्या निवडणुकांवरील मराठी लेखांत 'हिस्पॅनिक' आणि 'लॅटिनो' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि पाठोपाठ 'मतपेढी' येते. हा वापर बरोबर आहे का?

उत्तर : 'हिस्पॅनिक'चे नाते स्पॅनिश भाषेशी आहे, 'लॅटिनो'चे लॅटिन अमेरिकेशी. त्यामुळे माद्रिदहून आलेला माणूस हिस्पॅनिक असला तरी लॅटिनो नव्हे, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजभाषकाचे नेमके उलट आहे. अमेरिकी जनगणनेने २००० सालापासून दोन्ही शब्द एकाच प्रश्नात शेजारी छापले असल्याने तिचे आकडे देताना कोणताही चालावा.

'मतपेढी' मात्र मला खटकते, कारण ठेव आधीच जमा आहे आणि हवी तेव्हा काढता येते, असे त्या शब्दात गृहीत आहे. कॅलिफोर्नियात १९९४ साली मतदारांनी प्रस्ताव १८७ मंजूर केला. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना सरकारी शाळा आणि तातडीचे सोडून इतर सरकारी वैद्यकीय उपचार नाकारणारा हा प्रस्ताव रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी फेरनिवडणुकीच्या प्रचारात उचलून धरला होता. ते निवडून आले आणि न्यायालयाने प्रस्तावाची अंमलबजावणी रोखली. पण त्या धास्तीने, वर्षानुवर्षे ग्रीन कार्डावर राहिलेल्या असंख्य लॅटिनो लोकांनी नागरिकत्व घेऊन मतदार यादीत नावे नोंदवली. १९९८ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे लॅटिनो नेते क्रूझ बुस्तामांते तेथे उपगव्हर्नर म्हणून निवडून आले. पेढीचीच भाषा हवी असेल, तर हे खाते विरोधकांनी उघडून दिले, असे म्हणावे लागेल.

शिवाय हे मतदार एका पक्षाचे नाहीत. २०१० साली न्यू मेक्सिकोत सुझाना मार्टिनेझ आणि नेवाडात ब्रायन सँडोव्हल गव्हर्नर म्हणून निवडून आले, आणि हे दोघेही लॅटिनो रिपब्लिकन होते. 'लॅटिनो मतदार' असे साधे लिहिणे पुरेसे आहे.

पुरवणी : याच बातम्यांत 'राज्यपालपदी निवडून आल्या' असेही वाचायला मिळते. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात, तर तिकडचा गव्हर्नर थेट मतदानाने निवडून येऊन राज्याचा कारभार चालवतो, म्हणजे कामाने आपल्या मुख्यमंत्र्यांच्या अधिक जवळचा. तेव्हा 'गव्हर्नर' हाच शब्द ठेवावा. अनेकवचनही मराठी वळणाने 'लॅटिनो'च राहू द्यावे, 'लॅटिनोज' नको. मार्टिनेझ यांच्याबद्दल 'पहिल्या लॅटिनो महिला गव्हर्नर' असे लिहिण्याऐवजी 'पहिल्या लॅटिना गव्हर्नर' लिहिले तरी भागते, कारण त्या रूपातच स्त्रीलिंग आहे.