जुन्या झेनचा ऑटोचोक अडकतोय, मदत हवी आहे (कोल्हापूर)

मंडळी, वडिलांची १९९७ ची मारुती झेन आहे, कार्बोरेटरवाली, ९९३ सीसी. गाडी विकायची नाही, नीट करायची आहे.

सकाळी गार इंजिन एका दमात सुरू होतं. रेस वर जाते, ती जायलाच हवी. पण शिवाजी पेठेतून निघून कावळा नाक्यापर्यंत आलो तरी ती खाली येत नाही. सिग्नलला न्यूट्रल केलं की इंजिन ओरडत राहतं, पेट्रोलचा वास येतो, मागून काळा धूर. प्लग काढून बघितले तर कोरड्या काजळीने काळे झालेले. ॲव्हरेजबद्दल बोलायलाच नको.

एअर फिल्टरचं झाकण काढून पाहिलं. इतकं चालवूनही चोकचा फ्लॅप (गार इंजिनाला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून हवा अडवणारी पट्टी, ऑटोचोकमध्ये ती आपोआप उघडते) अर्धा बंदच. बोटाने ढकलला तर सहज हलतो, म्हणजे लिंकेज चिकटलेलं नाही. कार्ब क्लीनर मारून झालाय, फरक नाही.

आता खरी गोष्ट. वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला की थोड्या वेळात रेस आपोआप उतरते आणि गाडी मस्त चालते. खाली शहरात आलो की पुन्हा तेच. टेंपरेचरचा काटा एरवी तळाशीच असतो, घाटातच काय तो वर येतो. म्हणून मला कार्बोरेटरपेक्षा पाण्याच्या बाजूचा संशय जास्त आहे. ऑटोचोकच्या डबीत मेण असतं, कूलंटने ते तापून फुगतं आणि फ्लॅप उघडतं. कूलंटच पुरेसं तापत नसेल तर मेण तरी काय करणार?

आपल्याकडे गाडी हीट होते म्हटलं की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायची जुनी सवय आहे. या गाडीत तसं झालं असेल का, आणि इंजिन न उघडता ते कसं ओळखायचं?

मेकॅनिक म्हणतात, फ्लॅप तारेने उघडा बांधून टाकू. ते मला नको आहे. डिसेंबरात पहाटे स्टार्टर मारत बसायचं आणि बॅटरी उतरवायची, हा काही इलाज नव्हे.

प्रतिसाद:
दादा, तुमचा संशय बरोबर वाटतो. गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावून थांबा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडाच अडकलाय. फॅनपासून हात जपा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.

मग ऑटोचोकला येणारे दोन्ही बारीक पाइप तपासा. एक गरम आणि दुसरा गार असेल तर आत गंज अडकलाय. नुसतं पाणी घातलेल्या गाड्यांत हे हमखास होतं. पाइप ठीक असतील तरच डबीवर या. ती काढून कडकडीत गरम पाण्यात धरली की दांडा बाहेर यायला हवा.

तोपर्यंत रेसच्या स्क्रूला कोणालाही हात लावू देऊ नका, नाहीतर दोन बिघाड एकात एक मिसळतील. आणि इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घ्या. चोक असा बंद राहिला की जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. हे फार महत्त्वाचं आहे.

मूळ लेखक:
मनापासून आभार. पाइप पहिल्यापासूनच कोमट होत गेला. उद्यमनगरात हाऊसिंग उघडून घेतलं, आत थर्मोस्टॅट नव्हताच. नवीन आणला, बसवण्याआधी घरी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का पाहिलं, मग गॅस्केट आणि कूलंटसह बसवून घेतला. आता काटा मध्यावर येतो, आणि राजारामपुरीत पोचेपर्यंत रेस खाली आलेली असते. ऑइलला पेट्रोलचा वास होता, तेही बदललं.

एकच राहिलं. या मॉडेलची ऑटोचोकची डबी सुटी मिळते का, की पूर्ण कार्बोरेटरच घ्यावा लागतो? कोल्हापूर, सांगली, बेळगाव, कुठेही चालेल. एक घेऊन जपून ठेवायची आहे.