प्रति: वीस सांगाडे एकदम, की पाच-पाच?

सांगाड्यांचे छोटे पुतळे (मिनिएचर) रंगवताना वीस एकदम घेतले की मध्येच कंटाळा येतो आणि वॉशचे (फटींत उतरून सावली देणाऱ्या पातळ रंगाचे) डाग पडतात, अशी मूळ प्रश्नात तक्रार आहे. दोन्ही अडचणींसाठी पाचाचाच घाणा घ्या. पाचव्याला रंग लावून होईपर्यंत पहिल्यावरचा अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर सुकलेला असतो, हातावर हात ठेवून बसावं लागत नाही.

वॉशचं गणित वेगळं. त्याला सुकायला किमान अर्धा तास द्या, पावसाळ्यात जास्तच. अर्धवट सुकलेल्या वॉशला पुन्हा ब्रश लागला की कडेचा सुकलेला रंग तिथेच राहतो, मधला ओढला जातो आणि चहाच्या कपाखाली उमटतं तसं वर्तुळ दिसतं. म्हणून वॉश लावताना एक सांगाडा पुरा करूनच पुढचा हातात घ्या. बरगड्यांच्या फटीत थेंब साचला तर ओला असतानाच टिपून घेतलेल्या ओलसर ब्रशच्या टोकाने शोषून घ्या.

वॉश पूर्ण सुकल्यावर फिकट हाडाच्या रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं), आणि त्यानंतरच चामड्याचे पट्टे, कापड, ढाल. ड्रायब्रश शेजारी लागतोच, आधी रंगवलेलं कापड हमखास खराब होतं. तलवारीचा धातूचा रंग सगळ्यात शेवटी, त्याचं पाणीही वेगळं ठेवा. नाहीतर त्यातली चमकी पुढच्या घाण्यातल्या हाडांवर उतरते.

मुंबई-कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) आणि वार्निशचा स्प्रे टाळाच. दमट हवेत प्रायमर खरखरीत बसू शकतो, मॅट वार्निश पांढुरकं पडतं. ब्रशने लावायचा प्रायमर दोन पातळ थरांत द्या.