मदत हवी आहे : स्ट्युअर्ट घराण्याच्या आडनावाचे कोडे

शाईपेन
स्कॉटलंडच्या इतिहासावरील एका पुस्तकाचा अनुवाद पूर्ण झाला असून वंशावळीच्या तक्त्यापाशी गाडी अडली आहे. मूळ तक्त्यात बहुतेक नावांपुढे डब्ल्यू असलेले ‘स्ट्युअर्ट’ आहे, मेरी राणीपासून खाली डब्ल्यूच्या जागी यू आला आहे, आणि वरच्या एका नावापुढे ‘फिट्झअ‍ॅलन’ असे तिसरेच काही छापले आहे. घराणे एकच आहे की तीन? एकच असेल तर आडनाव कधी आणि का बदलले? तक्ता उद्या मुद्रकाकडे जायचा आहे, तेव्हा कृपया ‘गूगल करा’ असे सांगू नये.

चौकस
मराठीत दोन्ही स्पेलिंगे ‘स्ट्युअर्ट’ अशीच लिहिली जाणार. मग अडचण नेमकी कोणती?

शाईपेन
तक्त्यात मराठी नावाखाली रोमन नाव असतेच, हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

दप्तरदार
घराणे एकच आहे. अ‍ॅलन फिट्झ फ्लाड हा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील डोल येथील सरदार राजा पहिला हेन्री याच्या काळात इंग्लंडमध्ये आला आणि त्याला श्रॉपशरमध्ये जहागीर मिळाली. ‘फिट्झ’ म्हणजे मुलगा, त्यामुळे त्याचा पुत्र वॉल्टर हा ‘फिट्झ अ‍ॅलन’ झाला. ते त्याचे आडनाव नव्हे. स्कॉटलंडच्या पहिल्या डेव्हिड राजाने या वॉल्टरला तेथील ‘स्ट्युअर्ड’, म्हणजे राजवाड्याचा मुख्य कारभारी, नेमले; पुढे हे पद वंशपरंपरागत झाले आणि पदाचेच आडनाव बनले. वॉल्टरचा भाऊ विल्यम इंग्लंडमध्येच राहिला. त्याच्या वंशात मात्र ‘फिट्झअ‍ॅलन’ हे खरोखरचे आडनाव ठरले आणि अरुंडेलचे अर्ल त्याच शाखेतले. तेव्हा वॉल्टरचे नाव दोन शब्दांत तोडून छापावे, म्हणजे गोंधळ होणार नाही.

यू आला तो फ्रान्समधून. फ्रेंच लेखनात डब्ल्यूचा वापर जवळजवळ नव्हता. मेरी 1548 मध्ये, पाच वर्षांची असताना, फ्रान्सला गेली आणि 1561 मध्ये परतली. तिच्यामुळे यूचे स्पेलिंग राजघराण्यात रूढ झाले.

कोयरीवाली
वॉल्टरने स्थापन केलेला स्कॉटलंडमधील पेझ्लीचा मठ प्रसिद्ध आहे ना? कोयरीच्या नक्षीला इंग्रजीत ज्या गावाचे नाव मिळाले, तेच हे पेझ्ली. काश्मिरी शालींच्या नकला एकोणिसाव्या शतकात तेथे मोठ्या प्रमाणावर विणल्या जात.

शाईपेन
माहिती छान आहे, पण शाल विणायची नाही, तक्ता छापायचा आहे.

दप्तरदार
तक्ता सुरू कोणापासून होतो, हे आपण अजून सांगितलेले नाही.

शाईपेन
अर्थातच बँकोपासून. त्याखाली त्याचा मुलगा फ्लीअन्स, मग वॉल्टर.

दप्तरदार
मग खरी अडचण स्पेलिंगची नाहीच. बँको हे ऐतिहासिक पात्र नव्हे. हेक्टर बोईस याने 1527 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन इतिहासात तो प्रथम दिसतो. तेथून तो इंग्रज इतिहासकार हॉलिन्शेडच्या बखरीत आणि पुढे शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये गेला. बोईस लिहीत होता तेव्हा स्कॉटलंडच्या गादीवर स्ट्युअर्ट राजाच होता, हे ध्यानात घ्यावे.

डोंगरवाट
राजाश्रय होता म्हणून सगळे खोटे ठरत नाही. घराण्याने जी परंपरा शतकानुशतके मानली, तिला एका ओळीत निकालात काढणे मला पटत नाही. मी एडिंबरोमध्ये अनेक वर्षे राहतो. येथील जुन्या मंडळींकडून ती कथा मी ऐकलेली आहे.

दप्तरदार
ऐकलेली असेलच, नाटक साऱ्या जगाने पाहिले आहे. जे. होरेस राउंड या इंग्रज वंशावळ-अभ्यासकाने 1901 मध्ये दानपत्रांच्या आधारे घराण्याचे ब्रेटन, म्हणजे ब्रिटनीतील, मूळ दाखवून दिले. पेझ्लीच्या मठासाठी वॉल्टरने भिक्षू आणले तेही श्रॉपशरमधील वेनलॉकहून, म्हणजे आपल्या बापाच्या जहागिरीच्या मुलखातून.

गुणसूत्र
एवढा वाद कशाला? स्ट्युअर्ट आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्राची चाचणी केली की प्रश्न मिटतो.

चौकस
अनुवादकाने उद्या दुपारपर्यंत कोणाची चाचणी करावी? शिवाय सगळे स्ट्युअर्ट राजाचे सोयरे नसतात, अशी स्कॉटलंडमध्ये म्हणच आहे. छोट्यामोठ्या जहागिरदारांकडेही कारभारी असत आणि त्यांच्या वंशजांनाही हेच आडनाव लागले.

शाईपेन
पुस्तक माझे नाही, त्यामुळे बँको काढता येणार नाही. अनुवादकाची टीप जोडतो. आता एकच सांगावे. मेरी ही मुलगी. मग तिच्या मुलाला आईचे आडनाव कसे लागले?

दप्तरदार
लागले नाही. 1565 मध्ये तिने ज्याच्याशी लग्न केले तो लॉर्ड डार्न्ली, हेन्री, हाही स्ट्युअर्टच होता. चौथा कारभारी अलेक्झांडर याला जेम्स आणि जॉन असे दोन मुलगे होते. जेम्सचा मुलगा वॉल्टर याने 1315 मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याची कन्या मार्जरी हिच्याशी लग्न केले आणि त्यांचा मुलगा 1371 मध्ये दुसरा रॉबर्ट म्हणून राजा झाला. मेरी त्या शाखेतली. डार्न्ली हा जॉनच्या शाखेतला. त्या शाखेतील एका सरदाराला इंग्रजांविरुद्धच्या लढाईबद्दल 1423 मध्ये फ्रान्समधील ओबिन्यीची जहागीर मिळाली होती, त्यामुळे यूचे स्पेलिंग त्या बाजूलाही आधीपासून होते. 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या जेम्सला, म्हणजे मेरीच्या मुलाला, स्ट्युअर्ट हे नाव बापाकडूनच मिळाले. आपल्या तक्त्यात जॉनची रेघ आहे का, ते आधी पाहावे; नसेल तर डार्न्लीची चौकट अधांतरी राहील.

शाईपेन
नाही. डार्न्ली कडेला एकटाच आहे. मुद्रकाला परवापर्यंत थांबवतो.