नवऱ्याला कोल्हापूर दाखवायचंय, हातात तीनच दिवस

मंगळवारपेठ_माहेर

नवरा चेन्नईचा, पूर्ण शाकाहारी. पहिल्यांदाच कोल्हापूरला येतोय. मराठी समजतं, बोलताना अडखळतो. ९ नोव्हेंबरला सकाळी पोचतोय, ११ ला रात्री परत. मुक्काम माहेरी मंगळवार पेठेत, चारचाकी आहे.

यादी अशी: अंबाबाई, न्यू पॅलेस, टाऊन हॉलचं संग्रहालय, रंकाळा, खासबाग, पन्हाळा, जोतिबा, खिद्रापूर, चप्पल खरेदी, मिसळ. सगळं बसेल का? नसेल तर काय गाळू? आणि तांबडा-पांढरा (मटणाचा रस्सा) न खाणाऱ्या माणसाला इथं खायला काय घालायचं?

---

गंगावेस_नाका

ताई, तारखा फार चांगल्या धरल्यात. ९, १० आणि ११ नोव्हेंबर म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. (दुसरा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी.) त्यामुळे आधी तिन्ही दिवसांची संध्याकाळ बाजूला काढा आणि उरलेलं त्याभोवती बसवा.

देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप आणि पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. सगळा खेळ काही मिनिटांचा. क्षितिजावर ढग असले, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असलं, तर किरणं वाटेतच फिकी पडतात. महाद्वार रस्त्याच्या रेषेत वाढलेल्या बांधकामांचाही अडथळा होतो. म्हणून पावण्यांना "आज नक्की दिसणार" असं सांगून ठेवू नका. तीन संध्याकाळी हाताशी आहेत, एक तरी साधेल.

आत उभं राहायला जागा थोडी आणि गर्दी तुफान. साडेचारच्या आत आवारात हवं. गाभाऱ्यापर्यंत नाही पोचलात तरी फरशीवरून पुढं सरकणारा उजेडाचा पट्टा बघा. कोनाचं गणित त्यातच कळतं.

दर्शन मात्र वेगळ्या वेळी करा, पहाटे. नंतर उजाडल्यावर देवळाला बाहेरून एक प्रदक्षिणा घाला. काळ्या दगडाच्या भिंतीला कोनावर कोन पाडलेत आणि त्यात योगिनी, वादक, नर्तकी कोरल्यात. रांगेतून येणारी बहुतेक माणसं हे न बघताच जातात.

तुमच्या मिस्टरांना कोल्हापूर 'महालक्ष्मी'मुळं माहीत असणार. तिरुपतीला जाऊन आलेले दक्षिणेकडचे भाविक इथं आवर्जून येतात आणि नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून देवीला शालू येतो. इथली माणसं अंबाबाई म्हणतात, एवढं आधी सांगून ठेवा.

---

कट_वेगळा

खाण्याची काळजी नको, फक्त तीन-चार गोष्टी सांभाळा.

मिसळ: कट (तिखट पातळ रस्सा) वेगळा वाटीत मागा. आधी मटकी, बटाटा, फरसाण, कांदा नुसतं खाऊ द्या, मग चमच्या-चमच्यानं कट. वरची तर्री बाजूला सारली की तिखट बरंच उतरतं. इथं मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो, तो रस लगेच ओढतो. बुडवून ठेवू नका, तुकडा मोडून लगेच तोंडात. सोबत दही. ताप मिरचीपेक्षा रिकाम्या पोटी गरम कट घेण्यानं होतो. त्यामुळं सकाळी सातला मिसळ नको, दहाला.

पांढरा रस्सा म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू. काही खाणावळींत 'व्हेज पांढरा' मिळतो, पण पळी आणि पातेलं वेगळं आहे का ते विचारा. नाही तर घरीच करा. अळणीऐवजी भाज्यांचं पाणी घ्या. नारळाचं दूध गॅस बारीक केल्यावर घाला आणि उकळी फुटू देऊ नका, फाटतं. तांबड्याची चव कांदा-लसूण मसाल्यात असते. त्यात मांसमच्छी काही नसतं, त्यामुळं अख्ख्या मसुराची आमटी आणि ज्वारीची भाकरी यावर त्यांना कोल्हापूरची खरी चव मिळेल.

गंगावेशीत समोर म्हैस पिळून फेसाळ दूध देतात, ते दाखवाच. कच्चं दूध असतं, सवय नसलेल्या पोटाला जड जातं आणि न तापवलेल्या दुधाचा धोका असतोच. बघायला न्या आणि प्यायचं असेल तर घरी नेऊन तापवा.

---

वादी_टाका

चप्पल पहिल्याच दिवशी घ्या, म्हणजे घरात घालून पाय बसतो आणि बदलायची वेळ आली तर दोन दिवस हातात राहतात.

हातात घेतल्यावर आधी वास घ्या. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याला लाकडासारखा, थोडा तुरट वास येतो. रसायनाचा किंवा रबराचा उग्र वास आला तर ठेवून द्या. मग तळ उलटा करा. शिवण कातड्याच्याच वादीची हवी, खिळा नको. कडेला तळाचे थर दिसतात, ते नुसते चिकटवलेले की शिवलेले ते तिथं कळतं. शेवटी चप्पल थोडी वाकवा. कडा भुरभुरली किंवा पापुद्रा सुटला तर पुठ्ठा भरलाय.

माप घट्ट घ्या. पट्टा आणि अंगठा (अंगठ्याची कडी) आठवड्याभरात सैल होतात. आज सैल असेल तर महिन्यानं गळून पडेल. घालायच्या आदल्या रात्री पट्ट्याच्या आतून आणि अंगठ्याला खोबरेल किंवा एरंडेल चोळा. पहिला दिवस एक तास, दुसरा दिवस दोन तास. तसं केलं तर अंगठ्याजवळ फोड येत नाही.

चेन्नईच्या दमट हवेत बुरशी धरेल. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका. कापडात गुंडाळा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेलाचा हात. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात कातडं तडकतं.

---

चार_दरवाजा

पन्हाळा गाळू नका, पण जोतिबा रविवारी नको. देवाचा वार, गर्दी असते. गुलाल कपड्यावरून जात नाही, जुने कपडे घाला.

पन्हाळा साधारण २० किलोमीटर. नेहमी तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना दाखवतात, ते ठीकच. पण तुमच्या नवऱ्यासाठी इथं जिव्हाळ्याचा धागा आहे. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी, तमिळनाडूतला. राजाराम महाराज १६८९ मध्ये पन्हाळ्यावरून जिंजीकडं निघाले. त्यांच्या राणी ताराबाईही पुढं जिंजीत होत्या, आणि नंतर त्यांनी कारभार पन्हाळ्यावरून केला. नवऱ्याच्या गावाकडचा किल्ला आणि आपला किल्ला एकाच गोष्टीत आहेत, हे तटावर उभं राहून सांगा.

परतताना गुऱ्हाळ बघा. नोव्हेंबरात हंगाम असतो, धुराडं दिसलं की थांबून विचारायचं. काहिलीत रस उकळताना वर काळपट मळी येते, ती झाऱ्यानं काढत राहतात. मळी सुटावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. पाक तयार झाला का ते थेंब पाण्यात टाकून बघतात, बोटांत गोळी वळली की काहील उतरते आणि पाक वाफ्यात (गार करायच्या पसरट खड्ड्यात) ओततात. गार होताना घोटला नाही तर गूळ दाणेदार बसत नाही. विकत घेताना पिवळाधमक शोधू नका. तो रंग बऱ्याचदा रसायनानं आणलेला असतो. तांबूस-तपकिरी घ्या, आणि मिळाली तर गरम काकवी.

---

मंगळवारपेठ_माहेर

फार उपयोग झाला. खिद्रापूर मग जमेल का? आणि पहाटे कुस्तीची तालीम दाखवायचीय, मीही सोबत असेन.

---

गंगावेस_नाका

खिद्रापूर साठेक किलोमीटर, पण नोव्हेंबरात शिरोळकडच्या रस्त्यांवर उसाचे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात. जायला दोन तास धरा. सकाळी साडेसहाला निघालात तर खिद्रापूर, येताना नरसोबाची वाडी, आणि तीनपर्यंत घरी. खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाच्या स्वर्गमंडपात वर गोल उघडं आभाळ आहे आणि बरोबर त्याच्याखाली तेवढीच गोल शिळा. तिथं अर्धा तास तरी बसा. हे करायचं असेल तर न्यू पॅलेस गाळा. टाऊन हॉल ठेवा, इथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. सोमवारी बंद असतं.

तालमीचं आदल्या दिवशी वस्तादांना विचारून या. काही तालमींत बायकांना हौदाजवळ (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याजवळ) जाऊ देत नाहीत, दारातून परत फिरणं वाईट वाटेल. परवानगी मिळाली तर सहाच्या आत पोचा, चपला बाहेर, फोटो विचारून. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं, तो वास दारातच येतो. तालीम नाही जमली तर खासबाग मैदान आहेच. शाहू महाराजांनी युरोपात रोमचं रिंगण बघितलं होतं, त्यावरून १९१२ मध्ये बांधलेलं. वरच्या कडेला बसून हौद बघितला की कळतं, कुठूनही कुस्ती बघताना काही आडवं येत नाही.

---

कट_वेगळा

आणि एक. त्यांनी मराठी पुस्तकातनं शिकली असेल तर इथल्या मुली 'मी जातो', 'मी येतो' म्हणतात ते ऐकून गोंधळतील. आधीच सांगा, म्हणजे तुमच्या बहिणींना दुरुस्त करत बसणार नाहीत.