मदत हवी आहे: डीएनए हातात असूनही खुनी सापडत नाही, असं कसं?

नमस्कार मंडळी, कोणी फॉरेन्सिक किंवा जेनेटिक्सवालं असेल तर प्लीज सांगा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या त्या दोन विद्यार्थ्यांची केस वाचतेय, २६ ऑगस्ट २००९ ची, मुलगी १८ ची आणि मुलगा १९ चा, कॉलेज नुकतंच सुरू झालेलं, संध्याकाळी जेफरसन नॅशनल फॉरेस्टमधल्या कॅल्डवेल फील्ड्सला गेले आणि तिथेच कोणीतरी रायफलने दोघांनाही मारलं. सकाळी कुत्र्याला फिरवायला आलेल्या माणसाला ते दिसले. मुलीची पर्स, फोन, कॅमेरा गायब. एवढी वर्षं झाली, १ लाख डॉलरचं बक्षीस आहे, तरी अटक नाही. त्या आईवडिलांचा विचार आला की झोप उडते हो.

आता माझा प्रश्न. पोलिसांकडे घटनास्थळाचा डीएनए आहे म्हणतात. कोडिसमध्ये (अमेरिकेतला गुन्हेगारांच्या डीएनएचा सरकारी डेटाबेस) डीएनएच्या २० च जागा जुळवून बघतात, आणि माणूस आधी पकडला गेला नसेल तर त्याचं नाव त्यात सापडणारच नाही, हे कळलं. पण वंशावळीच्या पद्धतीत लाखो जागा वाचून दूरचे चुलत-मावस नातेवाईक शोधतात ना? १९८७ ला वॉशिंग्टन राज्यात मारल्या गेलेल्या कॅनडाच्या तरुण जोडप्याच्या केसमध्ये तशीच २०१८ ला अटक झाली, तीस वर्षांनंतर! मग इथे नेमकं कुठे अडत असेल? नमुना कमी असेल, दोघातिघांचा मिसळलेला असेल, की २०१९ मध्ये जेडमॅचने (लोक स्वतःचा डीएनए टाकून नातेवाईक शोधतात ती वेबसाइट) लोकांच्या परवानगीशिवाय त्यांचे प्रोफाइल पोलिसांना दाखवणं बंद केलं म्हणून? आणि अगदी थोडा नमुना असेल तर टेस्टमध्ये तो संपून जातो का, म्हणून थांबतात का? ज्यांना माहितीये त्यांनी जरा सविस्तर लिहा.