अंपायर मीच होतो, निर्णय चुकला. आता रिझल्ट बदलायचा का?

नववी_इनिंग

मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण वाचा. रविवारपासून डोक्यात तेच फिरतंय.

आमच्या कॉलनीत, इंदूरला राजेंद्र नगरच्या बाजूला, दरवर्षी टेनिस बॉलची टूर्नामेंट होते, आठ आठ ओव्हरची. नेहमीचे अंपायर काका गावाला गेलेले म्हणून फायनलला मला उभं केलं. शेवटची जोडी, तीन बॉल बाकी, चार रन हवे. बॅटिंगला चौदा वर्षांचा पोरगा. त्याने मिडऑनला बॉल ढकलला आणि पळाला, माझ्याच एंडला, थ्रो डायरेक्ट स्टंपवर, मी लगेच बोट वर केलं. मॅच संपली, ढोल वाजले, ट्रॉफी दिली, फोटो झाले. संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला, कुणीतरी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काढलेला. बॉल स्टंपला लागतो तेव्हा बॅट चांगली वीतभर आत आहे. डाऊट नाहीच. म्हणजे खरं तर दोन बॉल, तीन रन अशी मॅच बाकी होती आणि ती मी संपवली.

पोरगा भांडला नाही. माझ्याकडे बघितलं, हसला, "चालेल काका" म्हणाला आणि समोरच्या टीमशी हात मिळवायला गेला. ते हसू मला झोपू देत नाहीये.

कारण मी ते आधी पाहिलंय. मी बेसबॉलवाला माणूस, उन्हाळ्यात पहाटे साडेचारला अमेरिकेतली रात्रीची मॅच लागते, ती बघून मग पोहे खायला बाहेर पडायचं असा माझा बरीच वर्षं नेम आहे. 2 जून 2010, डेट्रॉइट. तिथल्या टायगर्स टीमचा पिचर (म्हणजे बोलर) आर्मांडो गलारागा, व्हेनेझुएलाचा, समोर क्लीव्हलंड. नऊ इनिंगमध्ये सत्तावीस जण आउट करायचे असतात, एकालाही बेसवर, म्हणजे पळून गाठायच्या ठिकाणावर, पोचू न देता सगळे केले तर परफेक्ट गेम. शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात तोवर असे फक्त 20 झाले होते. गलारागाने सव्वीस आउट केले. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड, जमिनीलगत मारला, फील्डर कब्रेराने उचलून फेकला, गलारागा स्वतः फर्स्ट बेसवर धावत येऊन झेलला, पाय बेसवर, बॅटर एक पाऊल मागे. आणि अंपायर जिम जॉइसने दोन्ही हात पसरून सेफ, म्हणजे नॉटआउट, दिला. गलारागा काय करतो, तर हसतो. छोटंसं. आणि परत जाऊन पुढच्या बॅटरला आउट करतो.

जॉइसने नंतर रिप्ले पाहिला आणि सरळ सांगितलं की चूक माझी, मी त्या पोराचा परफेक्ट गेम घालवला. रडला तो माणूस, वीस वर्षांहून जास्त अंपायरिंग केलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी लगेच मॅच होती, सुट्टी घे म्हटलं तरी बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटमागे उभा राहिला, आणि टीमचं लाइनअप कार्ड, म्हणजे खेळाडूंची यादी, द्यायला मुद्दाम गलारागाच आला. जॉइस डोळे पुसतोय आणि हा त्याच्यासमोर शांत उभा. एवढं होऊनसुद्धा लीगचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय बदलला नाही. रेकॉर्डमध्ये आजही तो एका हिटचा सामना आहे, परफेक्ट गेम नाही.

मी कमिटीला सांगितलं की चूक माझी आहे, काहीतरी करा. तर सगळे हसण्यावारी नेतायत. चष्म्याचे मीम, "काका, पुढच्या वेळी आयड्रॉप घालून या", चालू आहे. मला मस्करीचा राग नाही, आपल्या इंदूरात मस्करीशिवाय सकाळ होत नाही. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो हसला तर त्याचा मोठेपणा, आणि ज्यांनी निस्तरायचं ते हसले तर? हे दोन हसणं मला एकसारखं वाटत नाहीये.

तर विचारतो. सेलिग बरोबर होते का? आणि मी काय करू?

रामबागकर

भाऊ, तुम्ही माफी मागितली ना? मग झालं. अंपायरने दिलं ते दिलं. एकदा रिझल्ट बदलायला लागलात की पुढच्या वर्षी दर मॅचनंतर कुणीतरी मोबाइल घेऊन येईल, तिसऱ्या मजल्याची गॅलरी म्हणजे थर्ड अंपायर होईल, आणि मग कोणी उभंच राहणार नाही अंपायरला. आधीच कुणी तयार होत नाही.

विश्वनाथचं बघा. 1980, वानखेडे, जुबिली टेस्ट. इंग्लंडच्या बॉब टेलरला अंपायरने कॅच आउट दिलं, विशीला कॅप्टन म्हणून वाटलं की बॅट लागलेली नाही, त्याने परत बोलावलं. मग टेलर आणि बोथमने मोठी पार्टनरशिप केली आणि आपण दहा विकेटनी हरलो. तरी आज विशीचं नाव निघालं की लोक ते सांगतात. पण त्याने ते तिथेच केलं, मैदानावर, पुढचा बॉल पडायच्या आत. घरी जाऊन व्हिडिओ बघून नाही केलं. माझ्या मते वेळ निघून गेली की गेली.

आणि तुमच्याच बेसबॉलमध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने 2017 ला कॅमेऱ्याने समोरच्या कॅचरचे (म्हणजे विकेटकीपरसारखा, तो पिचरला कोणता बॉल टाकायचा ते खुणेने सांगतो) इशारे चोरले, डस्टबिन बडवून बॅटरला सांगायचे. सिद्ध झालं, 50 लाख डॉलर दंड झाला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभर सस्पेंड. त्या वर्षी जिंकलेलं टायटल काढलं का? नाही काढलं. ती तर चक्क चोरी होती, तुमची तर चूक आहे प्रामाणिक.

सॉफ्टबॉल_ताई

रामबागकर दादा, ॲस्ट्रोजचं उदाहरण तुम्ही उलट्या बाजूने देताय. ते टायटल तसंच राहिलं याचा लोकांना अजून राग आहे, खेळाडूंपैकी एकालाही शिक्षा नाही झाली. ते चुकलं म्हणून आपणही चुकायचं का?

मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, आता मुलींना शिकवते, त्यामुळे या विषयावर मला राहवत नाही. नववी इनिंग काका, तुम्ही गलारागा आठवलात पण तुमची केस ती नाहीच. तुमची केस जॉर्ज ब्रेटची आहे. 24 जुलै 1983, न्यूयॉर्क. कॅन्सस सिटी 4-3 ने मागे, नववी इनिंग, दोन आउट, त्यांच्या ब्रेटने दोन रनचा होमरन (आपल्या सिक्सरसारखा) मारला, 5-4. समोरच्या न्यूयॉर्क यांकीजचा मॅनेजर बिली मार्टिन बाहेर आला की याच्या बॅटला पाइन टार जास्त आहे. पाइन टार म्हणजे ते चिकट डांबरासारखं, ग्रिपसाठी लावतात, मुठीपासून 18 इंचापर्यंतच चालतं. अंपायरनी बॅट होम प्लेटला लावून मोजली आणि ब्रेट आउट, होमरन रद्द, मॅच संपली. ब्रेट डगआउटमधून जो धावत आला तो व्हिडिओ एकदा बघाच, चार जणांना आवरत नव्हता.

मग कॅन्सस सिटीने प्रोटेस्ट केला आणि लीगचे प्रेसिडेंट ली मॅकफेल यांनी अंपायरचा निर्णय फिरवला. पण त्यांनी कॅन्सस सिटीला जिंकलं असं नाही सांगितलं!! त्यांनी सांगितलं, होमरन धरा आणि तिथूनच पुढे खेळा. 18 ऑगस्टला दोन्ही टीम परत आल्या, उरलेली मॅच खेळल्या, दहा-बारा मिनिटांत संपली, 5-4. ब्रेट स्वतः नव्हता कारण अंपायरच्या अंगावर गेल्याबद्दल त्याला त्या मॅचमधून काढलेलं होतं, आणि ते पण बरोबरच केलं. बॅट चुकीची ठरवली हा अन्याय दूर केला पण म्हणून अंगावर धावून जाणं माफ नाही केलं. मला हे फार आवडतं.

तुमचे दोन बॉल बाकी आहेत. दोन बॉल खेळवा.

जेलरोडचे_वकील

ताईंनी मुद्द्यावर आणलं. मी त्यात एक जोडतो. गलारागाच्या केसमध्ये निर्णय बदलला असता तर कुणाचंच नुकसान नव्हतं, टायगर्स 3-0 ने जिंकलेच होते, पुढचा बॅटर आउट झालाच होता. म्हणून सेलिग चुकले असं माझं स्पष्ट मत आहे, तिथे दुरुस्ती फुकट होती. तुमच्याकडे तसं नाही. समोरच्या पोरांनी ट्रॉफी घरी नेलीये, त्यांचा काय गुन्हा? त्यांना न विचारता रिझल्ट फिरवलात तर एक अन्याय काढून दुसरा केलात. आधी त्यांच्या कॅप्टनशी बोला.

1983 च्या त्याच मॅचची एक गंमत. पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा बिली मार्टिनने लगेच अपील केलं की ब्रेटने होमरन मारून पळताना सगळ्या बेसला पाय लावलाच नव्हता. त्याला वाटलं, या दिवशी अंपायर दुसरे आहेत, त्यांनी काही बघितलंच नाही, सांगणार काय. तर अंपायरनी खिशातून कागद काढला, आधीच्या अंपायरचं सही केलेलं ॲफिडेव्हिट, की बेसला पाय लागले होते. मी कोर्टात इतकी वर्षं काढली, इतकं वेळेवर आलेलं ॲफिडेव्हिट पाहिलं नाही. आणि मार्टिनने रागाने मुद्दाम भलत्याच जागी माणसं लावलेली, पिचरला लांब सेंटर फील्डमध्ये उभं केलेलं, डावखुऱ्या मॅटिंगलीला सेकंड बेसला, जिथे डावखुरा सहसा नसतोच. सगळं स्टेडियम जवळजवळ रिकामं आणि हा तमाशा. पण न्याय झाला.

आणि भिया, इंदूरात राहून हा प्रश्न विचारताय. राजवाड्याजवळच्या आडा बाजाराची गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकलेली. मालेरावांच्या रथाखाली वासरू गेलं, अहिल्याबाईंनी स्वतःच्या मुलाला तीच शिक्षा सांगितली, आणि गाय रथाला आड आली. इतिहासात तिला पुरावा नाही, आख्यायिका आहे. पण इथल्या माणसांनी ती इतकी वर्षं जपली ती कशासाठी? ज्याचं नुकसान झालं त्या गाईलाही त्या गोष्टीत मत आहे, माझ्या आजीचा भर नेमका यावर असायचा.

नेहरू_स्टेडियम_97

मोठ्या मॅचची चूक इंदूरने जागेवर मान्य केलेली आहे, मी तिथे होतो. 25 डिसेंबर 1997, भारत-श्रीलंका वनडे. बॉल एक खाली घसरतोय एक तोंडावर येतोय, तीन ओव्हर झाल्या आणि सचिन, रणतुंगा, अंपायर, रेफ्री सगळ्यांनी ठरवलं की या पिचवर कुणाला तरी लागेल, मॅच बंद. आम्ही पहाटेपासून डबे घेऊन बसलेलो. लोक चिडू नयेत म्हणून मग नंतर एक एक्झिबिशन मॅच खेळवली बाजूच्या पिचवर. मी तेव्हा जाम वैतागलो होतो, पण आता माझा मुलगा फास्ट बोलरसमोर उभा राहतो तेव्हा वाटतं बंद केली ते बरं केलं.

आणि 2023 ला होळकर स्टेडियमच्या पिचला आयसीसीने आधी पुअर दिलं, बोर्डाने अपील केलं, मग बिलो ॲव्हरेज केलं. म्हणजे रेफ्रीचा निर्णयसुद्धा बदलतो. बदलायला काही हरकत नाही, रीतसर मागावं लागतं.

रामबागकर

ठीक आहे, तो पाइन टारचा किस्सा मला माहीत नव्हता. रिझल्ट फिरवू नका पण दोन बॉल खेळवा, याला माझा विरोध नाही. फक्त पुढच्या वर्षीसाठी नियम लिहून ठेवा की तक्रार ट्रॉफी द्यायच्या आधी. बेसबॉलमध्ये पण आधी फक्त होमरनला रिप्ले होता ना, 2014 पासून बाकीच्या निर्णयांना चॅलेंज आला. तसं काहीतरी.

नववी_इनिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी वकील साहेबांचं ऐकून आधी जिंकलेल्या टीमच्या कॅप्टनकडे गेलो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला वाटलेलं चिडेल. त्याने व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाला, काका मला पण रविवारीच कळलं होतं, बोलायची हिंमत नाही झाली. ट्रॉफी कपाटातून काढून माझ्या हातात दिली, मी घेतली नाही, म्हटलं तुझ्याकडेच राहू दे, जो जिंकेल तो नेईल.

मग त्या पोराच्या घरी. त्याच्या आईने चहा टाकला, पोरगा आतून येईना. आला तेव्हा मी सरळ सांगितलं की तू आउट नव्हतास, मी चुकलो. म्हणाला माहीत आहे. मग विचारतो, "दोन बॉल कोण टाकणार, तोच बोलर?" मी म्हटलं हो, तोच, फील्ड पण तीच. तर लगेच कागद घेऊन बसला, कोण कुठे उभं होतं ते काढायला. त्याला सगळे अकरा आठवत होते. मला सातच.

त्या जॉइसबद्दल एक राहिलं, ताईंना आवडेल. त्या चुकीनंतर थोड्याच दिवसांत खेळाडूंमध्ये मतं घेतली, सगळ्यात चांगला अंपायर कोण, तर नाव त्याचंच पहिलं आलं.

तर या रविवारी सकाळी सात वाजता, दोन बॉल, तीन रन. अंपायर मीच पाहिजे असं पोरगा म्हणाला. कमिटीचे दोन जण अजून हसतायत पण येतो म्हणालेत. स्टंप माझ्या घरी आहेत, क्रीजचा चुना शनिवारी रात्रीच मारून ठेवतो म्हणजे रेघ नीट दिसेल. त्या पहाटेची बेसबॉल मॅच सोडतोय. जवळ राहत असाल तर या, नंतर पोहे माझ्याकडून.