विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ७८ आलंय, बाळाला काय द्यायचं?

कृष्णाकाठची सून
सांगली जिल्ह्यातलं गाव, चौफेर ऊस. बाळ चार महिन्यांचं आहे. अंगावरचं पुरत नाही म्हणून वर पावडरचं दूध देते, पाणी परसातल्या विहिरीचं. जलसुरक्षकानं नमुना नेला होता. अहवाल आला: नायट्रेट लिटरला ७८ मिलिग्रॅम, पिण्यास अयोग्य. पाणी नितळ, वास नाही, चव तर गोडच. सासूबाई म्हणतात, उकळून दे. आसपास कारखाना नाही, मग हे आलं कुठून?

वावरातला वाघ
आमच्या आज्या-पणज्यानं हेच पाणी पिऊन कुस्त्या मारल्या. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका नि बिनघोर प्या.

पांढरी टोपी (निवृत्त कृषी सहायक)
ताई, आधी बाळाचं. ते पाणी त्याला आजपासून बंद. उकळू तर अजिबात नका. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. टीसीएलनं जंतू मरतात, याला काही होत नाही. मर्यादा ४५ ची आहे. एवढ्या लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद यानं कमी होते. ओठ-नखं निळसर दिसली तर थेट दवाखाना. गावात पाण्याचं एटीएम असेल तर आरओचं पाणी आणा, साधा कॅन्डल फिल्टर चालत नाही. अंगावर पाजणं सोडू नका.

वाघसाहेब, तुमच्या आज्याच्या विहिरीत हे कशाला असेल? तेव्हा शाळू, हरभरा, शेणखत आणि मोट. पुढं उपसा सिंचन आलं नि ऊस शिवारभर झाला. आडसालीला, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेल्या उसाला, हेक्टरी ४०० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे. सगळं युरियातून दिलं तरी एकरी ४५ किलोची आठेक पोती, तीही हप्त्यानं. बारा-पंधरा ओतणारे मी पाहिलेत. २०१० ला खताच्या अनुदानाची पद्धत बदलली, डीएपी-पोटॅश महागलं, युरिया त्यातनं बाहेर ठेवला. पोतं आजही तीनशेच्या आत. त्यात बांधावरनं कुणी "काय टाकलंस रं, लई काळाभोर दिसतोय" म्हटलं की आणखी एक पोतं फुटतं! वर पाटानं सऱ्या तुडुंब. उसाला लागलं तेवढं तो घेतो, बाकीचं मातीत नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुरमातनं विहिरीत.

ताई, संडासचा खड्डा किती लांब आहे?

कृष्णाकाठची सून
काका, आठ-दहा पावलांवर, वरच्या अंगाला. संडासचं अनुदान आलं तेव्हा जागा तेवढीच होती. पलीकडं गोठा नि उकिरडा.

पांढरी टोपी
मग सगळं खापर युरियावर नको. तुमच्या विहिरीला तिन्ही बाजूंनी नत्र मिळतंय. खड्डा लगेच हलत नाही, उकिरडा हलतो; उताराला, विहिरीच्या खालच्या अंगाला न्या. पावसाळ्याआधी एक नि नंतर एक नमुना द्या, फरक कळेल.

वावरातला वाघ
युरिया कमी केला नि टनेज पडलं, तर भरून कोण देणार? तुम्ही?

पांढरी टोपी
मी नाही देणार. म्हणून तर अख्खं रान नका धरू, चार सऱ्या धरा. पाचट जाळायचं नाही, तिथंच कुजवायचं, शिफारशीएवढाच युरिया मातीआड करून हप्त्यानं द्यायचा. तोडणीला त्या सऱ्यांची मोळी वेगळी वजन करा आणि आकडा इथं टाका.